अष्टमीच्या अंगणातला बांध

काळुराम लेकीकडे, रोह्याजवळच्या अष्टमी गावी, राहायला आला तेव्हा त्याच्या हातात एक पिशवी होती आणि एस.टी.च्या टपावर एक पोतं होतं. पिशवीत कपडे होते, पोत्यात तांदूळ. पिशवीबद्दल अष्टमीत कुणी काही बोललं नाही. पोत्याबद्दल मात्र इतकं बोललं गेलं की ते बोलणं कुंडलिका नदीवरचा पूल ओलांडून रोह्याच्या बाजारात गेलं आणि संध्याकाळी भाजीच्या पिशव्यांतून घरोघर परत आलं.

नव्वद सालानंतरची, तीनचार वर्षांतली ही गोष्ट. काळुरामचं गाव पेणच्या खाडीला लागून. एका अंगाला मिठागरं, दुसऱ्या अंगाला खारातली भातशेती, आणि दोन्हींना खाडीपासून राखणारा गावाबाहेरचा मोठा मातीचा बांध. दिवाळीपासून शिमग्याच्या पुढपर्यंत मिठावर जायचं आणि पावसाळ्यात भात लावायचं, यात त्याचा जन्म गेला. पण गावात त्याचं नाव होतं ते बांधासाठी. उधाणाच्या भरतीला बांधाला खांड पडली, म्हणजे बांध फुटून खारं पाणी शेतात घुसायला लागलं, की पहिली हाक काळुरामला. एकदा म्हणे माती येईपर्यंत तो स्वतःच खांडीत पाठ लावून बसला होता. हे त्याने स्वतःच्या तोंडाने कधी सांगितलं नाही. पण दुसरं कुणी सांगायला लागलं तर तो उठूनही गेला नाही.

बायको वारली आणि घरात तो एकटा राहिला. मुलगा नव्हता. शकू ही एकच लेक, ती अष्टमीला दिलेली. एका माघात काळुराम तापाने फणफणून दारामागे पडलेला शेजाऱ्यांना सापडला, तेव्हा शकू नवऱ्याला घेऊन गेली आणि त्याला उठवूनच घेऊन आली. यायला तो तयार झाला, पण एका अटीवर. लेकीच्या घरचं अन्न खायचं नाही, हा त्याच्या घराचा जुना दंडक. नातवंड झालं की हा दंडक सैल होतो असं जाणती माणसं सांगतात, आणि शकूची मुलगी तर आता शाळेत जात होती. काळुरामचं म्हणणं असं की सैल होतो तो पाहुण्यापुरता. सणाचं जेवण वेगळं, रोजचं ताट वेगळं. म्हणून त्याने आपल्या खारातला तांदूळ बरोबर घेतला आणि एस.टी.त बसण्याआधीच लेकीला बजावलं, "पोतं संपलं का मी जानार. मना मग थांबवू नको."

त्या रिकाम्या घरात तो पुन्हा एकटा गेला तर पुढच्या तापाला दार कोण उघडणार, हे शकूला कळत होतं. त्यामुळे शकू कॅलेंडर बघायची सोडून पोत्याकडे बघायला लागली.

आता शकूची सासू, सीताबाई. शकूचा नवरा दत्तात्रेय धाटावच्या एका कंपनीत शिफ्टला जायचा, पण घर चालायचं ते सीताबाईच्या जिभेवर. विधवा बाई, भात आणि वाल पिकवून पोर मोठा केलेली. तिच्या तोंडाला लागायला नको म्हणून नगरपालिकेचा शिपाईसुद्धा लांबच्या रस्त्याने जायचा. तिला पोत्याचा राग नव्हता, राग होता तो दुसऱ्या टोपाचा. घरच्या भाताचा मोठा टोप आणि बाजूला बापाच्या तांबड्या तांदळाचा बारका टोप, असे दोन भात शकू रोज शिजवायची. शेजारची सरू काडेपेटी मागायला आली, दोन टोप बघितले, आणि काडेपेटी न घेताच गेली. दुसऱ्या दिवशी अख्ख्या आळीला कळलं की सीताबाईच्या घरात चुली वेगळ्या झाल्या, सुनेने वाटणी मागितली, आणि बापाला आणलंय तो हिस्सा मोजायलाच.

सीताबाईने हे ऐकलं, आणि जेवताना मोठ्या आवाजात म्हणाली, "व्याही, तुमच्या टोपानं माझं घर फोडलं बघा. आता फुटलंच हाय तर मधे कूड घालू का?"

काळुराम खाली बघून म्हणाला, "कूड कशाला, विहीणबाय. पोतं संपंस्तोवर कळ काढा."

शकूने एक युक्ती करून पाहिली. घरच्या डब्यातला मूठभर तांदूळ रोज बापाच्या पोत्यात सरकवायचा. पण खारातला तांदूळ तांबडा आणि घरचा पांढरा. पहिल्याच दिवशी काळुराम ताटावर बसला, आणि एकेक पांढरं शीत बोटाने वेचून ताटाच्या कडेला लावत गेला.  उठला तेव्हा कडेला पांढरी ओळ झाली होती, मिठागरातल्या वाफ्याच्या काठासारखी. शकूने पुन्हा ती युक्ती केली नाही.

तांदळाचा प्रश्न असा, आणि दुसरा प्रश्न रिकाम्या हातांचा. बसून राहणं काळुरामला येत नव्हतं. तो नातीला शाळेत सोडायचा, पुलावर उभा राहून नदी बघायचा, परत यायचा. नदीला तिथवर भरती येते हे त्याने दोनचार दिवसांत हेरलं, आणि एवढ्यावरून त्याला अष्टमी थोडी आपली वाटायला लागली.

घरामागे विटांचा ढीग होता. घर बांधताना उरलेल्या त्या विटा, त्यांत विंचू राहायचे. दत्तात्रेयच्या मनात त्या विटांचं वेगळंच चाललेलं. कंपनीच्या कॉलनीत साहेबाच्या बंगल्याभोवती त्याने बाग पाहिली होती: फुलांच्या वाफ्यांना विटांची किनार, विटा तिरक्या पुरलेल्या, करवतीच्या दात्यांसारखी टोकं वर, एक गेरूची, एक चुन्याची. तसं आपल्या अंगणाला करायचं, आत गुलाब लावायचे. गवंड्याने 'उद्या येतो' म्हणून सांगितलं होतं, आणि गवंड्याचा उद्या म्हणजे काय ते घर बांधलेल्या माणसाला सांगायला नको.

काळुरामने जावयाला विचारलं, किनार म्हणजे बांधच ना. दत्तात्रेय शिफ्टवरून झोपायला आलेला. तो हो म्हणाला. या एका 'हो'वर पुढचं सगळं रामायण झालं.

शिमगा होऊन गेला होता. काळुरामने सुतळी ताणली, चर खणला, विटा पाण्यात भिजत घातल्या. घराच्या मागे टेकडी, पुढे उतार, आणि उताराच्या शेवटी लांब नदी. मागच्या बाजूला त्याने जावयाच्या हौसेची किनार केली: तिरक्या विटा, दात्यांची एकच ओळ, मधल्या फटी मोकळ्या. आळीतल्या बायका बघायला यायच्या, इतकी देखणी. पण पुढच्या, नदीकडच्या बाजूला त्याचा हात बदलला. तिथे विटा उभ्या, त्यांना लागून आडव्या, पुन्हा उभ्या. सिमेंट त्याला चालेना. नदीकाठचा चिकट चिखल डोक्यावरून आणला, त्यात भाताचं तूस मळलं, सांध्यासांध्यात दाबलं, आणि मिठागराची जमीन तुडवतात तसा तो भिंतीच्या पायथ्याशी दिवसच्या दिवस पायांनी तुडवत बसला. दोन्ही बाजूच्या कडाही तशाच आवळून मागे नेल्या. मग चोपण्याने चोपून त्यावर गेरू आणि चुना. अंगणात यायला पायरी केली तीही बांधावरून चढून उतरायची.

सीताबाई वाल वाळवायला बाहेर आली आणि ते बघून कमरेवर हात देऊन उभी राहिली. तिने विचारलं, पुढचा काठ एवढा जाड कशाला, गुलाबं काय पळून जाणार आहेत का.

"पानी खालनंच येतं, विहीणबाय," काळुराम म्हणाला. "उधान आलं का नदी वर चढनार."

"चढली होती व्हय कधी? मी लग्न होऊन आले तवापास्नं तरी नाय."

"नाय चढली म्हंजे चढायची राहिलीय."

यावर सीताबाईने वालाची पाटी खाली ठेवली, आणि हेच वाईट लक्षण होतं. तिने पुढे फक्त विचारलं की पाणी बाहेर जायला वाट कुठे आहे. काळुरामला हा प्रश्न अडाण्याचा वाटला. खारबांधाला उघाडी असते, म्हणजे आतलं पावसाचं पाणी ओहोटीला बाहेर सोडायचं झडपेचं दार. पण ओहोटीला पाणी जायला बाहेर खाडी लागते. इथे बाहेर रस्ता. भरती येईल तेव्हा उघाडी म्हणजे नुसतं भोक, शत्रूला उघडं दार. म्हणून त्याने ती ठेवलीच नव्हती. पेणच्या खाडीवर हा हिशेब कुणीही मान्य केला असता.

मृग बरा गेला. जमीन पाणी पीत गेली, दत्तात्रेयने लावलेले गुलाब तरारले. काळुराम रोज भरतीच्या वेळी पुढच्या बांधावर उभा राहून नदीकडे बघायचा, आणि नदी काही येत नव्हती.

आषाढात पाणी आलं. ते आलं मागून. टेकडीवरचं सगळं पाणी उतारावर जमून दात्यांच्या त्या देखण्या फटींतून, गेरू आणि चुन्याला आंघोळ घालत अंगणात शिरलं, अंगणभर पसरलं, आणि पुढच्या बांधाला जाऊन टेकलं. बांध हलला नाही. थेंबभर पाझरला नाही. एवढा पक्का बांध काळुरामने आयुष्यात घातला नव्हता. सकाळी अंगणात पोटरीभर पाणी, गुलाबांची नुसती टोकं वर, आणि तुळशीच्या कट्ट्यावर जमलेले बेडूक असे बसलेले की नगरपालिकेची सभा. पाणी ओटीच्या शेवटच्या पायरीला लागलं होतं.

सरू छत्री घेऊन आली. ती म्हणाली की तिला वाटलं सीताबाईकडे तळं खोदायला घेतलं. दत्तात्रेय रात्रपाळी करून आला, पँट वर खोचून पाण्यातून चालत ओटीवर चढला, आणि सासऱ्याला काही बोलायचं नाही म्हणून बायकोवर ओरडला. काळुराम ओटीवर पाय जवळ घेऊन बसला होता. ज्या माणसाने आयुष्यभर पाणी बाहेर ठेवलं, त्याने लेकीच्या दारात पाणी कोंडून दाखवलं, हे त्याच्या तोंडावर वाचता येत होतं. दुपारी पाऊस उघडला तसा तो उठला, पडवीतली पहार उचलली आणि पाण्यात उतरला. बांध फोडायचा आणि उद्याच्या गाडीने जायचं, पोतं उरलं असलं तरी. हे तो शकूला सांगूनच उतरला होता.

तेवढ्यात सीताबाई शेतावरून आली. लावणी आटोपलेली, डोक्यावर इरलं, कमरेपर्यंत चिखल, आणि काखेत उरलेल्या रोपांच्या मुठा. पायरीच्या बांधावर उभी राहून तिने आधी पाणी बघितलं, मग पहार, मग व्याही.

"ठेवा ती पहार," ती म्हणाली. "माझी आवणं उरलीत, टाकायला जीव व्हत नव्हता. आयतं चिखलाचं शेत केलंत, नांगरबी लागला नाय."

आणि खरंच तिने लुगडं खोचून अंगणात भात लावायला घेतलं. पायरीपाशी एका विटेखालचा चिखल तिने खुरप्याने उकरला, पाणी घोट्यापर्यंत उतरू दिलं, मग चिखल परत दाबला. गुलाब उपटून तुळशीपाशी ठेवले.  आळीतल्या बायका बांधाशी जमल्या. दत्तात्रेय आत जाऊन पांघरूण डोक्यावर घेऊन झोपला. कंपनीतले लोक आता काय म्हणतील हा त्याचा प्रश्न होता, आणि लोकांनी पुढे जे म्हणायचं ते म्हटलंच.

हा सगळा व्याह्याला चिडवायचा प्रकार आहे, असं आळीने धरलं. काळुरामनेही तसंच धरलं.  मग सीताबाई एक ओळ वाकडी लावतेय हे त्याला दिसलं. माणसाने अपमान सोसावा, पण वाकडी ओळ किती बघावी? त्याने पहार भिंतीला लावली, एक मूठ उचलली आणि शेवटच्या कोपऱ्यातून लावत आला. दोघे मधे भेटले तेव्हा पाठीला पाठ लागली, आणि त्यावरून सरूने पुढे वर्षभर जे सांगितलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. ऐकण्यासारखं होतं.

उद्याची गाडी गेली. परवाचीही गेली. जायचं म्हणून काळुराम श्रावणात एकदा पिशवी भरून बसला, तर सीताबाईने दाण्यावर बसणारे पक्षी, चिखलातले खेकडे आणि रस्त्यावरची सरूची शेळी यांची यादी तोंडपाठ म्हणून दाखवली, आणि विचारलं की उभं पीक टाकून गावाला जायची पद्धत पेणकडे आहे काय. नव्हती. पिशवी रिकामी झाली.

पण पोतंही रिकामं होत होतं. गणपती आले, गेले, आणि पोतं भिंतीला टेकून उभं राहायचं ते आता दुमडून बसायला लागलं. काळुराम मूठ आखडती घ्यायला लागला. शकू बारका टोप चुलीवर ठेवायची तेव्हा त्यात तांदूळ कमी आणि पाणी जास्त असायचं. बापाच्या गालांची हाडं वर आली. शकू एकदा सासूजवळ रडली. सीताबाई म्हणाली, रडून तांदूळ वाढत नाय गो, भात कधी पिकतंय ते बघ.

शकूने जाऊन बघितलं, आणि तेव्हा तिला कळलं. सासूची स्वतःची शेतं अजून हिरवी होती. अंगणातलं भात पिवळं पडायला लागलं होतं. सीताबाईने 'उरलेली' म्हणून आणलेली आवणं हळव्या भाताची होती, लवकर येणाऱ्या. तिच्या कणगीत घरी खायला ठेवलेलं गेल्या सालचं भातही तेच.

नवरात्रात अंगण कापलं. अंगणाची कापणी ती केवढी. काळुरामने झोडलं, सीताबाईने पाखडलं, दोनतीन सुपं भात निघालं. पोत्यात त्या दिवशी तळाला चिकटलेला तांबडा तांदूळ तेवढा होता. काळुरामने मनाशी ठरवलं होतं की हे भात कांडून घ्यायचं, ते पुरेल तेवढे दिवस राहायचं, आणि मग मात्र कुणाचं ऐकायचं नाही. भात ओटीवर पसरून तो नदीवर हातपाय धुवायला गेला.

परत आला तर ओटी झाडलेली. भात नव्हतं. सीताबाई माजघरात कणगीपाशी उभी, हात कोपरापर्यंत आत, आणि आतलं भात वरखाली ढवळत होती, पिठल्यात डाव फिरवावा तसं. बाजूला तीन रिकामी सुपं.

काळुरामने आधी कणगी बघितली, मग सुपं. मग तो उंबऱ्यातच म्हणाला, "विहीणबाय, तो माजा भात होता."

"हाय ना. हितंच हाय." सीताबाईने ओंजळभर भात वर काढलं आणि त्याच्यापुढे धरलं. "तुमचा दाणा निवडा आन् घेऊन जा पेणला. पांढरी शितं वेचता तुमी, मला ठावं हाय, नजर चांगली हाय तुमची."

त्याने त्या ओंजळीत बघितलं. दाणा दाण्यासारखा. एक बोट पुढे नेलं, मागे घेतलं.

"नाय निवडता येत?" ती म्हणाली. "मग आता ह्या घरात जेव्हा जेव्हा भात शिजंल, त्यात तुमचा दाणा असंल. तुमी जेवलात नाय तर आमी तुमचं खाल्ल्यासारखं व्हईल. व्याह्याचं फुकट खायचं म्हंजे आमच्यात लाज असते. ताट घ्या."

काळुराम उंबऱ्यातच बसला. शकू चुलीपाशी पाठ करून उभी होती, तिने मागे वळून बघितलं नाही. त्या दिवशी चुलीवर एकच टोप चढला. भात वाढला, वरण वाढलं, आणि काळुरामचं बोट सवयीने ताटाच्या कडेकडे गेलं, तिथे थांबलं, आणि घास झाला.

तळाचा तांबडा तांदूळ शकूने दसऱ्याला खिरीत घातला. रिकाम्या पोत्याचं सीताबाईने ओटीवर पायपुसणं केलं. काळुरामने ते बघितलं, आणि त्याला पाय पुसून आत जाऊ लागला.

सरू काडेपेटी मागायला आली, चुलीवर एकच टोप बघून हिरमुसली, आणि या खेपेला काडेपेटी घेऊन गेली.

पुढच्या वैशाखात दत्तात्रेयने अंगणातून बांध काढायचा विषय काढला, पण घरात त्याचं मत कुणी विचारत नव्हतं. मागच्या दात्यांच्या ओळीला लागून त्याला एक पट्टा गुलाबांसाठी मिळाला, तेवढ्यावर त्याने समाधान मानलं. बाकी अंगणात दर आषाढात भात लागायचं. कॉलनीतल्या साहेबाची बाई एकदा रस्त्याने जाताना थांबली आणि गेरू-चुन्याच्या विटांमधलं ते शेत बघून म्हणाली की कल्पना छान आहे. तेव्हापासून ती कल्पना दत्तात्रेयची झाली.

काळुरामने त्या वैशाखातच पावसाआधी बांधाची डागडुजी केली, गेरू नवा दिला, आणि पुढच्या उजव्या कोपऱ्यात एक वीट सैल ठेवली, ओढली की निघेल अशी. ती उघाडी. तिच्यातून सुटलेलं पाणी रस्त्याला जात नव्हतं; चर काढून ते त्याने सीताबाईच्या बांधाखालच्या अळवाकडे वळवलं होतं. तिने ते बघितलं आणि विचारलं, नदी चढली म्हंजे काय करायचं, ह्या भोकातनं आत येईल ना.

काळुराम नदीकडे बघत म्हणाला, "येईल तवा मी हाय हितंच."